सीलंटचा दुसरा थर दिला आणि बॉनेटवर ढगाळ पट्टे आले, आता काढू की राहू देऊ?

मंडळी, मदत हवी आहे. थोडं लांबलचक होईल पण सगळं एकदाच सांगून टाकतो, नंतर 'हे आधी का नाही सांगितलं' नको.

गाडी काळी, चार वर्षं जुनी. काळी का घेतली हे कृपया विचारू नका, त्यावर घरी भरपूर बोलून झालंय. आत्तापर्यंत साधं वॅक्स लावायचो, ते दीड-दोन महिन्यांत उडतं आणि परत तीच हमाली, म्हणून यावेळी पॉलिमर सीलंट (वॅक्ससारखंच पेंटवर लावायचं, पण जास्त टिकणारं कृत्रिम संरक्षण) आणलं, तेही थरावर थर देता येतात असं लिहिलेलं. सिरॅमिक कोटिंगच्या वाटेला गेलो नाही कारण ते चुकलं तर पॉलिश करूनच काढावं लागतं म्हणतात आणि माझा हात कसा आहे ते मला माहितीये.

तर शनिवारी सकाळी बसलो. आधी जुनं वॅक्स निघावं म्हणून भांड्यांच्या लिक्विडने गाडी धुतली, मग लोखंडाचे कण काढणारा तो स्प्रे मारला (जांभळे ओघळ बघून पोरगी घाबरली, गाडीला लागलं म्हणाली), मग क्ले बार (पेंटवर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी, स्प्रेने ओलं ठेवून फिरवायची), मग हाताने पॉलिश. पॉलिश पुसलं आणि लगेच सीलंटला सुरुवात. अकराच्या सुमाराला पहिला थर. सगळ्या गाडीला लावलं, पांढुरकं झालं, पुसलं. काय चमकली म्हणून सांगू, दारात शेजाऱ्यांचं तोंड दिसत होतं. मग जेवलो, थोडा लवंडलो, आणि अडीचला उठून दुसरा थर. इथे हुरूप जरा जास्तच होता हे कबूल करतो. बाटलीवर एका गाडीला 30 मिली पुरे असं लिहिलंय, माझी दोन थरांत निम्मी बाटली गेली, 250 मिलीची आहे, हिशोब तुम्हीच करा.

संध्याकाळपर्यंत छान दिसत होती. रात्री बाहेरच उभी होती. सकाळी दव पडलेलं, ते फडक्याने टिपलं आणि बघतो तर बॉनेटवर आणि टपावर ढगाळ पट्टे. समोरून बघितलं तर काही नाही, पण मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की हात जसा गोल गोल फिरवला होता तशीच वळणं दिसतात, कडेला तेलकट इंद्रधनुष्यासारखी छटा. त्यावर बोट फिरवलं की स्वच्छ रेघ उमटते आणि अर्ध्या तासाने बघावं तर रेघ पुसट झालेली. दारं मात्र एकदम आरसा, डिकीपण ठीक. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे डाव्या हेडलाइटच्या वर तळहाताएवढा धुरकट पॅच आहे, तिथे बोट फिरवा, फुंकर मारा, काही फरक पडत नाही.

पुसून बघितलं दोनदा, पट्टे इकडचे तिकडे होतात फक्त.

प्रश्न असे की हे आपोआप जाईल का, तिसरा थर दिला तर झाकलं जाईल का, की सगळं काढून पहिल्यापासून करावं लागेल? आणि दोन थरांत नक्की किती वेळ ठेवायचा? बाटलीवर नुसतं 'क्युअर होऊ द्या', म्हणजे घट्ट बसू द्या, एवढंच आहे, तास लिहिलेले नाहीत. जो तो वेगळं सांगतो, कोणी एक तास, कोणी बारा, कोणी चोवीस. डोक्याचा पार भुगा झालाय. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद, फडकंबहाद्दर:

तिसरा थर अजिबात देऊ नका, बाटली आत्ता कपाटात ठेवा.

दारं चांगली आणि बॉनेट-टप खराब, म्हणजे उत्तर यातच कुठेतरी आहे. चार गोष्टी सांगा. सुरुवात कुठून केलीत आणि शेवट कुठे? लावताना बॉनेट हाताला गार लागत होतं की कोमट? पॉलिश नंतर त्यातलं तेल काढायला काही पुसून घेतलं होतं का? आणि फडकी कसली वापरलीत, ती कशाने धुतली होती?

प्रतिसाद, मूळ धागाकर्ता:

दादा, लगेच उत्तर दिल्याबद्दल आभार. दोन्ही वेळेला सुरुवात टपापासून, मग बॉनेट, मग दारं, शेवटी डिकी. पॅड कोरडं होतं म्हणून आधी त्यावर चांगलं ओतून घ्यायचो, दारापर्यंत येईस्तोवर पॅडमध्ये जे उरलंय त्यावरच भागायचं. बॉनेट... खरं सांगायचं तर सकाळी गाडी उन्हात होती, सावलीत आणून वीसेक मिनिटांत सुरू केलं, कोमट असणार. पॉलिशनंतर काही नाही, नुसतं कोरडं पुसलं. फडकी तीन नवीन मायक्रोफायबरची, चौथं घरातलं, ते बाकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये जातं, त्यात ते कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड असतं. ते चालत नाही का?

प्रतिसाद, फडकंबहाद्दर:

ताई म्हणा, दादा नाही. :)

नाही चालत. त्या लिक्विडचा थर मायक्रोफायबरच्या धाग्यांवर बसतो, फडकं पाणी-तेल ओढायचं सोडतं आणि नुसतं पसरवत बसतं. पण तुमचा मुख्य गुन्हेगार ते फडकं नाही. दारात दिसणारं तोंड आणि टपावरचे पट्टे यातला फरक एवढाच की दारावर नकळत पातळ थर बसला. टपावर आणि बॉनेटवर पॅड निथळत होतं.

आता वेळेचं. सीलंट लावल्यावर दोन गोष्टी होतात. आधी त्यातलं सॉल्व्हंट (माल पातळ ठेवणारं द्रव) उडून जातं, ते तुम्हाला पांढुरकं होताना दिसतं आणि आपल्याला वाटतं झालं. पण पॉलिमरच्या साखळ्या एकमेकांत गुंतून घट्ट होणं हे नंतर सावकाश चालू असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. साडेतीन तासांनी तुम्ही दुसरा थर दिलात त्यातल्या ओल्या सॉल्व्हंटने खालचा अर्धाकच्चा थर परत मऊ केला, वर भरपूर माल, वरून रात्रीचं दव. त्यामुळे दोन थर झालेच नाहीत, एक जाडा मऊ राडा झालाय. बोटाची रेघ उमटते आणि परत भरते त्याचा अर्थ तोच, अजून मऊ आहे. ही खरं तर चांगली बातमी आहे, मऊ आहे तोवर निघेल.

बाटलीवर तास दिले नसतील तर 24 धरा. थंडीत किंवा दमट हवेत त्याहून जास्त. काही सीलंटबरोबर वेगळं ॲक्सिलरेटर मिळतं, ते मिसळलं की त्याच दिवशी दुसरा थर देता येतो. तुमच्याकडे ते नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीला एका दिवसात तीन थर बसले यावरून जाऊ नका. आणि त्या 24 तासांत गाडीला पाणी लागू द्यायचं नाही, दवसुद्धा नाही.

काढायचं कसं तर आधी सौम्य, मग कडक, आणि पहिले एका वीतभर जागेवर करून बघायचं. स्वच्छ मायक्रोफायबर किंचित ओलं करून पुसा. नाही गेलं तर तेच सीलंट पॅडवर दोन थेंब, हो, दोन थेंब, त्याच पट्ट्यावर लावा आणि सुकायच्या आत लगेच कोरड्या फडक्याने पुसा. नव्या थेंबातलं सॉल्व्हंट जुना जाडा माल सैल करतं आणि तो फडक्यात येतो. ऐकायला उलटं वाटेल, आत्ताच बाटली कपाटात ठेवा म्हटलं आणि आता तीच काढायला सांगतेय, पण हे पुसण्यासाठी आहे, थरासाठी नाही. त्यानेही नाही गेलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, 70 टक्केवालं असेल तर त्यात दोन-अडीचपट पाणी, फडक्यावर घेऊन पुसा. तो भाग मग उघडा पडला असं समजायचं, तिथे परत पहिला थर.

हेडलाइटवरचा पॅच मला वेगळं दुखणं वाटतं. जे हलत नाही ते सीलंट नसावं. अल्कोहोलने पुसून टॉर्च मारा, तरी तिथेच असेल तर ते पेंटमध्ये आहे.

प्रतिसाद, एकच_कोट:

ताईंनी सांगितलंय ते बरोबरच आहे, पण मुळात तीन-चार थरांचा सोस कशाला? गाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40 मायक्रॉन असतो, सीलंटचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. दुसरा थर द्यावा कारण पहिल्यात कुठेतरी आपला हात चुकलेला असतोच, दाराच्या हँडलमागे, आरशाखाली, ते भरून निघतं. तिसऱ्यापासून पुढे फक्त मनाचं समाधान.

प्रतिसाद, रविवार_गाडीवार:

मी पाच थर दिलेत आणि रंगाला खोली आलेली दिसते. डोळे आहेत मला.

प्रतिसाद, एकच_कोट:

खोली पॉलिशने दिसते हो. पाच थरांच्या आधी तुम्ही पॉलिश केलं होतंत की नाही ते सांगा.

प्रतिसाद, रविवार_गाडीवार:

केलं होतं. बरं. तरी पण.

प्रतिसाद, फडकंबहाद्दर:

तुम्ही दोघं वेगळा धागा काढा, इथे माणूस अडकलाय.

धागाकर्ते, एक राहिलं. पॉलिशमध्ये तेल असतं, ते आधीच वर सांगितलेल्या पातळ अल्कोहोलने पुसून घ्यायला हवं होतं. सीलंट पेंटला धरायच्या ऐवजी त्या तेलावर बसतं आणि लवकर उतरतं. दारं आज आरसा आहेत पण दोन-तीन धुण्यांनंतर पाणी कसं पळतं ते बघा. थेंब टपोरे उभे राहत असतील तर राहू द्या, पाणी लोळत पसरत असेल तर तिथेही परत करावं लागेल. आत्ता हात लावू नका.

प्रतिसाद, मूळ धागाकर्ता:

अपडेट देतो, उशीर झाला, मध्ये ऑफिसचं लचांड होतं.

सकाळी सातला उठून बसलो, बॉनेटला पालथा हात लावून बघितला, गार. नवीन फडकी नुसत्या पाण्याने धुवून वाळवली होती, ते घरातलं चौथं हद्दपार. ओल्या फडक्याने काही झालं नाही, पट्टे जागचे हललेपण नाहीत, बहुतेक दोन दिवसांत थोडं आवळलं असणार. मग दोन थेंबांची युक्ती. पहिल्यांदा सवयीप्रमाणे पॅडवर ओतणारच होतो, मग आठवलं आणि खरोखर दोनच थेंब मोजून टाकले. टपाचा एक कोपरा घेतला, लावलं, लगेच पुसलं, फडक्याची घडी उलटली, परत पुसलं. गेलं! फडक्यावर पिवळसर चिकट डाग आला, तोच माझा शनिवारचा हुरूप. मग वीतभर वीतभर करत सगळा टप आणि बॉनेट, पावणेदोन तास गेले, मानेचा काटा ढिला झाला. टॉर्च आडवा, उभा, तिरका धरून बघितलं, वळणं गायब.

हेडलाइटवरचा पॅच मात्र तस्साच. अल्कोहोलने पुसला, तिथलं सगळं निघालं, पाणी टाकलं तर थेंब न होता पसरलं, म्हणजे उघडं झालं हे नक्की, आणि पॅच जिथल्या तिथे. मग भिंग घेऊन बसलो (पोरीचं, मुंग्या बघायचं). बारीक बारीक सरळ ओरखडे, एकाच दिशेने, शेकड्याने. आणि मग आठवलं, क्ले बार फिरवताना तिथे तो ओला ठेवायचा स्प्रे सुकला होता आणि मी 'एवढंसंच तर राहिलंय' म्हणत कोरडाच घासला होता. इतके दिवस सीलंटला शिव्या घालत होतो.

तेवढ्याच भागाला परत हाताने पॉलिश केलं, तीन वेळा, ऐंशी टक्के गेलं. उरलेलं टॉर्चशिवाय दिसत नाही, आणि टॉर्च मी आता बायकोच्या आज्ञेने ठेवून दिलाय. पॉलिशचं तेल यावेळी पुसलं, त्यावर पातळ पहिला थर दिला, गाडी ओळखीच्या एकांच्या बंद शेडमध्ये लावलीये, उद्या संध्याकाळी दुसरा.

ताई, खूप आभार. आता शेवटचा छळ. पुढच्या बंपरच्या काळ्या खडबडीत प्लॅस्टिकवर सीलंट लागून पांढरं बसलंय, खाचांत गेलंय, फडक्याने निघत नाही. जुना टूथब्रश चालेल का?

प्रतिसाद, फडकंबहाद्दर:

मऊ असेल तर चालेल, शॅम्पूचं कोमट पाणी घेऊन. शेजारच्या पेंटवर मात्र ब्रश जाऊ देऊ नका, नाहीतर पोरीचं भिंग परत काढावं लागेल. पुढच्या वेळी लावायच्या आधी प्लॅस्टिकला मास्किंग टेप मारा.

प्रतिसाद, मूळ धागाकर्ता:

टेप आणलाय. घरात सगळ्यात मऊ ब्रश पोरीचाच निघाला, तिला नवा घ्यावा लागणार.