मयताचं सामान विकणाऱ्याने जित्या माणसाला काय विचारावं?

सुतळीगाठ:
परवा इथे एकाने सुचवलं, की अंत्यविधी सेवा देणाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक संघांत स्टॉल लावावेत आणि 'माझी अंतिम इच्छा' असा चार पानी फॉर्म भरून घ्यावा, म्हणजे घराघरांत मरणावर मोकळं बोलणं सुरू होईल. खाली पन्नास जणांनी अंगठे दाखवलेत. त्यातल्या एकाने तरी मयताच्या सामानाच्या दुकानाचं कार्ड घरात ठेवलंय का? लोक शववाहिकेचा नंबरसुद्धा मोबाइलमध्ये साठवत नाहीत. स्टॉल लावलात तर संघाचे अध्यक्ष चहा पाजून वाटेला लावतील.

या धंद्यातल्या माणसाला बोलायला एकच वेळ मिळते. दहावा उरकतो आणि मुलगा राहिलेले पैसे द्यायला येतो, तेव्हा. कुठे काय अडलं, कोण कुणावर ओरडलं, सगळं त्याला पाठ असतं. तेव्हा घरात जो दुसरा म्हातारा जीव उरलाय, त्याच्यासाठी चारच प्रश्न सांगावेत: डोळे द्यायचेत का, छातीत पेसमेकर आहे का, लाकूड की विद्युतदाहिनी, आणि रात्री दोनला काही झालं तर दाखला कोणता डॉक्टर देईल. 'अंतिम इच्छा' हा शब्द काढायचाच नाही. तो काढला की आई रडते, मुलगा 'असं अभद्र बोलू नकोस' म्हणतो आणि विषय बंद.

पेठकरीण:
वा, म्हणजे तेराव्याच्या आत पुढची ऑर्डर! बिल घेता घेता 'आता बाबांचं काय?' याला तुम्ही वेळ साधणं म्हणता, पेठेत वेगळा शब्द आहे.
विकणाऱ्याने सल्ला द्यायचाच नाही. आज चार प्रश्न फुकट, उद्या त्यालाच जोडून शववाहिका, गुरुजी, फोटोची फ्रेम, हार, चौकातला बॅनर. दोन बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, मांजरपाट, गोवऱ्या, कापूर, गुलाल. यांच्या भावांची पाटी कुठल्या दुकानाबाहेर दिसते? आधी ती लावा, मग आमच्या इच्छा विचारा.

सुतळीगाठ:
पाटीचं मान्य. तारीख घालून लिहून ठेवा, पुन्हा मान्य करणार नाही.
पण पेसमेकर विचारण्यात कसली विक्री? त्याची बॅटरी सीलबंद असते, दाहिनीच्या उष्णतेत फुटते. आतल्या विटांना तडा जातो आणि दार किलकिलं करून बघणाऱ्या ऑपरेटरच्या तोंडावर येऊ शकते. डॉक्टरला काढायला फार वेळ लागत नाही, गळपट्टीच्या हाडाखाली छोटी चीर, वायरी कापल्या, झालं. पण ते हॉस्पिटलमध्येच सांगायला हवं. घाटावर ट्रॉली दाराशी लागल्यावर सुनेला आठवतं, तेव्हा तिथे चीर देणार कोण? मुलांना बायपास आठवते, पेसमेकर आठवत नाही.

रात्रपाळी:
चौथा प्रश्न पहिला हवा होता. ज्याला त्याला 'घरीच प्राण सोडायचाय'. ठीक. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला नमुना ४ अ वर लागतो, हॉस्पिटलात झाला की नमुना ४ वर. ज्या डॉक्टरने पेशंटला सहा महिन्यांत बघितलं नाही तो कारण कशाच्या जोरावर लिहील? नाही लिहिलं की पोलीस, पंचनामा आणि बऱ्याचदा शवविच्छेदन. म्हणजे ज्यांनी 'मला कापू नका' म्हणून हॉस्पिटल नाकारलं, त्यांचीच चिरफाड.
आणि एकदा शवविच्छेदन झालं की वैद्यकीय कॉलेज देहदान घेत नाही. वीस वर्षांपूर्वी भरलेलं कार्ड पाकिटातच राहतं.
उपाय कंटाळवाणा आहे. जवळचा एक डॉक्टर ठरवा, तो अधूनमधून घरी येऊन तपासून कागदावर तारीख टाकेल असं बघा, डिस्चार्ज कार्ड आणि आधारची प्रत एका फाइलमध्ये ठेवा, आणि तो रात्री येईल का हे त्याला तोंडावर विचारा. नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

मंत्राग्नी:
लाकूड की विद्युत यावर घाटावर मारामाऱ्या होतात, त्या निव्वळ अज्ञानातून. 'विद्युतमध्ये विधी होत नाहीत' हे कुणी पसरवलं? मंत्राग्नी ट्रॉलीवर देता येतो, पाणी फिरवून मडकंही फोडता येतं. फक्त तिरडीचे बांबू, नारळ, नायलॉनची साडी, रबरी चादर, अत्तराची बाटली आत जात नाही. लाकडाला ढोबळमानाने ३०० किलो लागतं, पावसाळ्यात ओलं निघालं तर त्याहून जास्त, आणि सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत यावं लागतं. दाहिनीत दीड-दोन तासांत अस्थी हातात. ज्या घरात एकच मुलगा आणि त्याचं परतीचं तिकीट काढलेलं, त्या घराने हे आधी ठरवावं. नाहीतर काका एक म्हणतात, मेहुणे दुसरं, आणि गुरुजींनी मध्ये उभं राहायचं.
जाता जाता: पुण्यात ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला बसलेल्याने मोबाइल बंद ठेवावा. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून दर्भाचा करा म्हणता, पण कावळ्याला बसायला पाच मिनिटं शांतता तरी द्या.

लिफ्ट_बंद:
सगळे पोचलेले लोक आहात, पण खरी अडचण एकानेही लिहिली नाही. तिरडी सात फुटांची. सहा माणसांच्या लिफ्टला चार फूटही खोली नसते. नवव्या मजल्यावर काय करता?

सुतळीगाठ:
तिरडी वर बांधायचीच नाही, पार्किंगमध्ये बांधायची. वरून जाड चादरीच्या झोळीत चौघांनी जिन्याने आणायचं, पाय पुढे, डोक्याकडचे दोघं दणकट.

लिफ्ट_बंद:
नऊ मजले? आणि जिन्यात सायकली, कुंड्या, चपलांचे स्टँड. बिल्डरने जाहिरातीत जलतरण तलाव दाखवला, स्ट्रेचर मावेल अशी एक लिफ्ट नाही.

रात्रपाळी:
लोक खुर्चीत बसवून लिफ्टने आणतात. पहिल्या दोन-तीन तासांतच जमतं. मग जबड्या-मानेपासून अंग ताठायला लागतं, बारा तासांत पूर्ण ताठतं, मग वाकवायला जाऊ नका.

पेठकरीण:
आणि मयत थंड ठेवायची विजेची शवपेटी? तीही लिफ्टमध्ये मावत नाही. मुलगी अमेरिकेहून येणार म्हणून पेटी खाली ठेवावी, तर सेक्रेटरीचा फोन, 'मुलांच्या परीक्षा आहेत, कॉमन मीटरवर प्लग नको.'

लिफ्ट_बंद:
घ्या! माणूस गेल्यावर प्लगसाठी सेक्रेटरीच्या पाया पडायचं. इच्छा कसल्या विचारताय, आधी प्लग विचारा.

रात्रपाळी:
पेटीवरून आठवलं. मुलीची वाट बघा, पण डोळ्यांना ती सवलत नाही. सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. नेत्रदानासाठी १९१९ ला फोन, पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच. पथक घरी येतं, अर्ध्या तासात काम होतं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. कावीळ ब किंवा एचआयव्ही असेल तर घेत नाहीत. म्हणून डोळ्यांचं बोलणं अंत्यविधीच्या बोलण्यापासून वेगळं करा.

नोटरी_नाका:
आणखी एक घोळ. लोक हे सगळं मृत्युपत्रात लिहितात. मृत्युपत्र कपाटातून निघतं तेराव्यानंतर, तोवर राख नदीत. ते मालमत्तेपुरतं ठेवा.
व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत, हे वैद्यकीय इच्छापत्रात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला ते मान्य केलं, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावं लागे, म्हणून कुणी करेना. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त माणसांची नावं घालता येतात. घाला, कारण एकाच मुलाचं नाव घातलं की दुसरा आयसीयूबाहेर भांडतो. पुढे हॉस्पिटलने नेमलेली डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, लगेच नळी काढत नाहीत. आणि सुतळीगाठ, हा कागद तुमच्या दुकानात ठेवू नका.

सुतळीगाठ:
दुकानात उंदीर आहेत, ठेवणार नाही.

पेठकरीण:
बरं. विचारा, पण पैसे घेऊन पावती दिल्यावर, उंबऱ्याबाहेर उभं राहून. प्रश्न छापलेला कागद द्यायचा, त्यावर दुकानाचं नाव नको, फोन नको. भरून परत मागायचा नाही. एवढं पाळलंत तर तुम्ही लांडगे नाही, कोल्हे आहात असं म्हणेन.

सुतळीगाठ:
नाव नाही घालणार. पाटी सोमवारी लागते.

लिफ्ट_बंद:
कागदावर पाचवा प्रश्न घाला, मजला कितवा. आणि स्ट्रेचर-लिफ्टचा ठराव सोसायटीच्या सभेत मांडायला कुणी तयार असेल तर सांगा, आमचे अध्यक्ष तळमजल्यावर राहतात.