विषय: शाळेसाठी खरेदीतून फंडरेझिंग, कुठल्या स्कीम चालू आहेत?

नमस्कार मंडळी,
यंदा इथे अमेरिकेत मुलीच्या शाळेच्या पीटीएत (पालक-शिक्षक संघात) फंडरेझिंगचं काम माझ्याकडे आलंय. मुलांना दारोदार चॉकलेटं विकायला लावणं मला पटत नाही, त्यापेक्षा आपण एरवी जी खरेदी करतोच त्यातनंच शाळेला थोडे पैसे मिळतात असं ऐकलं, ते नक्की कसं चालतं? अ‍ॅमेझॉनची खरेदीतून देणगी देणारी स्माईल स्कीम शोधली तर सापडतच नाहीये.

---
ताई, स्माईल फेब्रुवारी २०२३ मध्येच बंद झालं. त्यात खरेदीच्या अर्धा टक्काच मिळायचा, पण बऱ्याच शाळा त्यावर अवलंबून होत्या. टार्गेट दुकानाची कार्डावरची स्कीमसुद्धा २०१६ मध्ये थांबली, तेव्हा एकाच स्कीमच्या भरवशावर वर्षाचं बजेट मांडू नका.

बॉक्स टॉप्स चालू आहे. जनरल मिल्स या सीरियल बनवणाऱ्या कंपनीने ते १९९६ ला सुरू केलं, तेव्हा सीरियलच्या खोक्यावरचे तुकडे कापून शाळेत द्यायचे, एकाचे १० सेंट, आम्ही पीटीएवाले संध्याकाळभर ते मोजत बसायचो. २०१९ पासून अ‍ॅपवर पावती स्कॅन करायची, तीही खरेदीनंतर १४ दिवसांत, आणि इथेच सगळे चुकतात कारण पावती गाडीत पडून राहते. क्रोगर या किराणा दुकानाचं सोपं आहे, त्यांचं शॉपर्स कार्ड एकदा शाळेला जोडलं की झालं.

मला विचाराल तर गिफ्ट कार्डांचं बघा, ज्याला स्क्रिप म्हणतात. १०० डॉलरचं कार्ड आपल्याला १०० लाच मिळतं आणि दुकान त्यातले काही टक्के शाळेला देतं, टक्के दुकानागणिक वेगळे. किराण्याला तर दर आठवड्याला जातोच ना. फक्त यासाठी म्हणून जास्तीची खरेदी कुणालाच करायला सांगू नका, त्यापेक्षा सरळ चेक दिलेला शाळेला जास्त उपयोगी. आणि कार्ड जोडलं म्हणून टॅक्समध्ये सूट मिळत नाही, देणगी कंपनीची धरतात, हे पालकांना आधीच सांगा.

एक गोष्ट मनाला लागते. जिथले पालक जास्त खर्च करतात त्या शाळेला जास्त मिळतं, गरज असलेली मागेच राहते. आपल्यात ज्यांची मुलं कॉलेजला गेलीत त्यांनी आपली कार्डं अशा शाळेला जोडावीत असं मला मनापासून वाटतं.

---
आमची दोन्ही मुलं नोकरीला लागली, कार्ड कुठेच जोडलेलं नाही. शाळेचं पूर्ण नाव आणि झिप कोड पाठवा, एकाच नावाच्या चार शाळा दिसतायत. आज रात्रीच जोडतो.