सीबर्ग एम१००सी: प्लग लावण्याआधी काय, आणि कुठल्या क्रमाने?

गोलचकती विचारतात:

मंडळी, समोर आहे सीबर्ग एम१००सी जूकबॉक्स. १९५२ चं मॉडेल, ५० तबकड्या, १०० निवडी, फक्त ४५ आरपीएम. निदान वीस-पंचवीस वर्षं बंद होतं. मूळ यंत्र ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचं. माझ्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून जेमतेम दोन मिनिटं चालवलं आणि बंद केलं. तेवढ्यात दिसलेलं असं:

स्पीकरमधून सतत जाड घूं. व्हॉल्यूम पूर्ण खाली केला तरी तेवढीच. बटणं दाबली की कॅरेज (तबकडी उचलून वाजवणारा सरकता गाडा) निघतं, पण रुळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहतं, तबकडीपाशी थांबत नाही. हाताने ट्रिप केल्यावर (म्हणजे कॅरेज थांबवणारा खटका पाडल्यावर) एक तबकडी लागली, ती रडतरडत, खालच्या पट्टीत वाजली. यंत्रणेवर सगळीकडे मधासारखं पिवळं, घट्ट ग्रीस.

ट्रिपच्या जवळ दोन-तीन ॲडजस्टमेंट स्क्रू दिसतायत. ते थोडे फिरवून बघू का? आणि सुरुवात कुठून करू: ॲम्प्लिफायर, यंत्रणा की कॅबिनेट?

---

डागदार:

स्क्रूंना हात लावू नका. प्लगही काढून ठेवा.

तुमच्या वर्णनात एकही गोष्ट अशी नाही जिच्यासाठी ॲडजस्टमेंट लागेल. बंद पडण्यापूर्वी यंत्र चालत होतं तेव्हा ते स्क्रू बरोबर जागी होते, आणि स्क्रू आपोआप फिरत नाहीत. बदललंय ते ग्रीस, कपॅसिटर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग). आत्ता स्क्रू फिरवून यंत्र चालतं केलंत, तर ते घट्ट ग्रीसला जुळवलेलं असेल. साफसफाई केलीत की पुन्हा बिघडेल, आणि तेव्हा मूळ जागा कुठली होती हे कळायला मार्ग नसेल.

घूं आधी घेऊ. व्हॉल्यूम खाली करूनही आवाज तेवढाच, म्हणजे उगम व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे: पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर. ५० हर्ट्झच्या विजेवर त्यांची घूं १०० हर्ट्झची, जाड आणि खरबरीत असते. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होणारी ५० हर्ट्झची मऊ घूं असती, तर कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) वायर, तिचं शिल्डिंग किंवा पहिला व्हॉल्व्ह (काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) बघा म्हटलं असतं.

ॲम्प्लिफायर बाहेर काढा. बाकीच्या यंत्राला तो प्लगांनी जोडलेला असतो. प्रत्येक प्लगवर आणि सॉकेटवर चिकटपट्टी लावून नंबर टाका, फोटो काढा. चॅसी उलटी केल्यावर सर्वांत आधी फिल्टर कपॅसिटर रिकामे करा. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, पायांना इन्सुलेटेड क्लिपा. दहा सेकंद धरा, मग मीटर लावून बघा. पेचकसाने शॉर्ट करू नका, कपॅसिटर आणि पेचकस दोन्ही खराब होतात.

सगळे इलेक्ट्रोलिटिक बदला, निवडून नव्हे. २० मायक्रोफॅरॅडच्या जागी २२ चालतो. रेक्टिफायर व्हॉल्व्ह ५यू४जी असेल तर त्याच्या लगेच पुढच्या कपॅसिटरला ४० मायक्रोफॅरॅडच्या वर नेऊ नका; मोठा घातला तर घूं आणखी कमी होईल या मोहात व्हॉल्व्हचा बळी जातो. व्होल्टेज ४५० लिहिलं असेल तिथे शक्यतो ५०० चा घ्या. कारण ५यू४ची तार काही सेकंदांतच तापते, ६एल६ या आउटपुट व्हॉल्व्हला पंधराएक सेकंद लागतात. मधल्या वेळात भार नसल्यामुळे व्होल्टेज नेहमीपेक्षा वर चढतं.

त्यानंतर मेणकागदाचे कपलिंग कपॅसिटर, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीकडे) जाणारे. हे तर घूंपेक्षा जास्त घातक. ते गळायला लागले की ग्रिडवर पॉझिटिव्ह डीसी येतो, ६एल६ मर्यादेबाहेर करंट ओढतो, प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. व्हॉल्व्ह मिळतात, तो ट्रान्सफॉर्मर मिळवताना नाकी नऊ येतात. तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचे, ६३० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर घाला.

पहिली वीज देताना २३० च्या बाजूला १०० वॅटचा तारेचा दिवा सिरीजमध्ये ठेवा. एलईडी चालणार नाही, तारेचाच हवा. फक्त ॲम्प्लिफायर जोडा, मोटर आणि ट्यूबलाइट नाहीत. दिवा क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर किंवा टॅपला जुळणारा लोड रेझिस्टर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर चालवू नका.

दोन पिनांची जुनी वायर काढून तीन तारांची घाला आणि चॅसी अर्थ करा. मेन्सपासून चॅसीला जोडलेला एखादा छोटा कपॅसिटर दिसला तर काढून टाका. तो शॉर्ट झाला तर सगळ्या क्रोमला करंट येतो.

---

रुळावरचा:

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. यंत्रणेचं मी सांगतो.

कॅरेज न थांबण्याची कारणं दोनच धरून चाला. एक, बटण दाबल्यावर निवड नोंदलीच जात नाही. दोन, नोंद होते, पण ट्रिपची फळी (लिव्हर) ग्रीसमध्ये रुतल्यामुळे हलत नाही. तुम्ही हाताने ट्रिप केल्यावर तबकडी लागली, म्हणजे पुढची साखळी (उचलणं, पकडणं, टोनआर्म आत येणं) धावते आहे.

पहिलं तपासायला सिलेक्शनच्या सप्लायचं डीसी व्होल्टेज बटण दाबलेलं असतानाच मोजा. या काळातल्या यंत्रांत तिथे बहुधा सेलेनियम रेक्टिफायर असतो: पत्र्यांची चळत, मधून बोल्ट. वय झालं की त्याचा अंतर्गत अडथळा वाढतो. मोकळं असताना व्होल्टेज ठीक दिसतं आणि सोलेनॉइडने (वीज मिळाली की दांडा ओढणाऱ्या वेटोळ्याने) ओढ घेतली की कोसळतं. सिलिकॉन ब्रिज बसवा, पण सिरीजमध्ये रेझिस्टर घालून भाराखालचं व्होल्टेज मॅन्युअलच्या आकड्यावर आणा. सिलिकॉनमध्ये व्होल्टेज फार कमी पडतं, त्यामुळे नुसता ब्रिज लावला तर सोलेनॉइड गरम होतात. आणि जुना सेलेनियम जळू देऊ नका. कुजक्या मुळ्यासारखा वास आला की प्लग काढा, खिडक्या उघडा, धूर विषारी असतो.

आता ग्रीस. ते मऊ करायचं नसतं, काढायचं असतं. स्प्रेचं पातळ तेल मारलं की सगळं सुरळीत चालू लागतं आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षा घट्ट होतं, कारण पातळ भाग उडून जातो आणि मागे वार्निश राहतं. शिवाय मारताना ते क्लचवर आणि कॉन्टॅक्टवर जातं ते वेगळंच.

तबकड्या सगळ्या काढा. यंत्रणा बाहेर घ्या, तिला दोन माणसं लागतात. कॅरेज आधी बांधा. घट्ट थर लाकडी काडीने खरवडा, मग मिनरल स्पिरिट आणि ताठ ब्रश. प्लास्टिक आणि रबरावर स्पिरिट जाऊ देऊ नका. पिव्हट एकेक करून सोडवा. खूण अशी: स्प्रिंग काढून फळी बोटाने उचलून सोडली की स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे. जराही रेंगाळली तर अजून मळ आहे. हीच परीक्षा प्रत्येक फळीला लावा, कंटाळा न करता.

परत वंगण देताना हात आखडता. ब्राँझ बुशांना डिटर्जंट नसलेलं एसएई २० तेल, एकेक थेंब, सुईने. गिअरच्या दातांना लिथियम ग्रीसचा पुसट थर. क्लचच्या घर्षणाच्या पृष्ठभागांना, सिलेक्टरच्या हलत्या भागांना आणि कुठल्याही कॉन्टॅक्टला काहीही नाही. कॉन्टॅक्टला सॅंडपेपरही नको. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये धरा आणि ओढा.

वाचताना टॉरमॅट मेमरीबद्दलचे (सीबर्गची निवड लक्षात ठेवणारी नंतरची व्यवस्था) सल्ले सापडतील. ते तुमच्यासाठी नाहीत. टॉरमॅट १९५५ च्या व्ही-२०० पासून आलं.

एक राहिलं: यंत्रणा स्प्रिंगांवर तरंगती असते आणि वाहतुकीसाठी बोल्टांनी आवळतात. ते बोल्ट मोकळे केलेत ना? आवळलेले राहिले तर मोटरची घरघर थेट सुईत येते.

---

पांढरीचार:

खालच्या पट्टीचं गणित सोपं आहे. मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीने बांधलेली. ६० च्या जागी ५० दिलं की ४५ चे ३७.५ आरपीएम होतात, म्हणजे जवळपास तीन अर्धस्वर खाली: पांढरी चारचं गाणं पांढरी दोनला येऊन बसतं. व्होल्टेज कितीही बदला, यात फरक पडणार नाही.

उपाय दोन. मोटर ते फ्लायव्हील या साखळीत गुणोत्तर ठरवणारा भाग ५० हर्ट्झचा मिळवणं, किंवा फक्त मोटरला ६० हर्ट्झची स्वच्छ साइन वेव्ह देणारा कन्व्हर्टर लावणं. मोटर सुरू होताना ओढ मोठी असते, म्हणून कन्व्हर्टर निदान ३०० व्हीएचा घ्या. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोटर तापते आणि गुणगुणते.

शाफ्टवर स्लीव्ह चढवून भागणारं यंत्र असेल तर नवा व्यास जुन्याच्या १.२ पट, म्हणजे १० मिमीच्या जागी १२. त्यात ०.१ मिमीची चूक झाली तरी वेग जवळजवळ एक टक्क्याने चुकतो. लेथवाल्याला हे आधी सांगा. मोजायला लेबलवर कागदाचा कपटा चिकटवा आणि दोन मिनिटांत ९० फेरे मोजा. एका मिनिटाच्या मोजणीत एखादा फेरा सहज चुकतो.

स्टेपडाउनचं आउटपुट ११७ ठेवू नका. ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की कोअर संपृक्ततेकडे सरकतो आणि तापतो. १०५ ते ११० वर ठेवा आणि व्हॉल्व्हच्या हीटरवर मोजा: ६.० ते ६.३ मिळत असेल तर पुरे. ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचा, १००० व्हीएचा घ्या. ऑटोट्रान्सफॉर्मर स्वस्त आणि हलका असतो, पण मेन्सपासून वेगळं करत नाही.

ट्यूबलाइटचे चोकसुद्धा ६० हर्ट्झचे. ५० वर त्यांतून करंट जास्त जातो. ते काढून ५० हर्ट्झचे घाला. अमेरिकेत पीसीबीवर (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल या विषारी रसायनावर) १९७९ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या चोकच्या कपॅसिटरमध्ये ते असू शकतं. चिकट गळती दिसली तर हातमोजे घाला आणि चोक फोडू नका.

---

गोलचकती:

बोल्ट आवळलेलेच होते! सोडवले. इलेक्ट्रोलिटिक बदलले, घूं गेली. कपलिंग कपॅसिटर अजून जुनेच आहेत. एका ६एल६च्या ५ नंबरच्या पिनवर (ग्रिडवर) ६ व्होल्ट पॉझिटिव्ह दिसतात, दुसऱ्यावर ०.१. व्हॉल्व्ह गेला का?

शिवाय ग्रीस काढल्यावर कॅरेज थांबायला लागलं, पण तबकडीची एक बाजू स्वच्छ वाजते आणि दुसरी फाटल्यासारखी. सगळ्याच तबकड्यांचं तसंच.

---

डागदार:

तो व्हॉल्व्ह काढा आणि रिकाम्या सॉकेटवर पुन्हा मोजा. ६ व्होल्ट तसेच राहिले तर कपॅसिटर गळतोय. व्हॉल्व्ह काढल्यावर शून्य झाले तर व्हॉल्व्हच ग्रिडमधून करंट सोडतोय. तोपर्यंत ॲम्प्लिफायर चालू ठेवू नका. दोष एकाच कपॅसिटरचा निघाला तरी दोन्ही बाजूंचे बदला, दुसराही त्याच वयाचा आहे.

---

रुळावरचा:

एकच बाजू फाटते म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. त्याला बाजू कळत नाही. या यंत्रात तबकडी उभी राहते, दुसऱ्या बाजूसाठी उलट फिरते आणि कार्ट्रिजला दोन बाजूंना दोन सुया असतात. तुमची एक सुई झिजलीय किंवा तिच्या बुडाशी कचरा अडकलाय. भिंगातून बघा. टोक गोल दिसायला हवं. छिन्नीसारखं चपटं झालं असेल तर ती सुई आणखी एकही तबकडी वाजवू देऊ नका, खाच कायमची खरवडली जाते. बदलताना दोन्ही बदला. मोनो ४५ साठी टोक १ मिल, म्हणजे साधारण २५ मायक्रॉन.

स्टीरिओ तबकड्या यात घालू नका. ही मोनो सुई वरखाली लवत नाही, स्टीरिओची खाच मात्र वरखाली चालते. काही फेऱ्यांत उंच सूर घासले जातात. मधलं भोक ३८ मिमीचंच हवं, लहान भोकाची ४५ इथे बसणार नाही.

---

पांढरीचार:

कॅबिनेट सगळ्यांत शेवटी. आणि क्रोमला स्टील वूल लावणार असाल तर यंत्रणा आणि स्पीकर आत असताना नको. लोखंडाचा चुरा स्पीकरच्या आणि कार्ट्रिजच्या चुंबकाला चिकटतो, गॅपमध्ये शिरला की काढता येत नाही. गंजाच्या ठिपक्यांसाठी ओला, चुरगाळलेला ॲल्युमिनियम फॉइल पुरतो. फुगलेल्या झिंकच्या ओतीव भागांना मात्र घासून उपयोग नाही, क्रोमखाली धातूच उठलेला असतो. ते भाग सुटे करून प्लेटिंगवाल्याला द्या आणि आधी तांब्याचा थर द्यायला सांगा.