डिग्रीचा कागद तुमच्या कामी आला का? नोकरीत, घरात, नात्यात... अनुभव लिहा

पानगळ
काल कपाट आवरताना तळाशी माझी डिग्री सापडली. रसायनशास्त्र. लॅमिनेट केलेली, कडेने पिवळी पडलेली. वीस वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता, मीसुद्धा नाही. पहिल्या नोकरीच्या वेळी झेरॉक्स दिली होती तेवढीच. आता मी हिशेब तपासायचं काम करते. त्यात रसायन इतकंच, की प्रिंटरची शाई हाताला लागते.

नवरा शेजारी बसला होता. त्याने डिग्री हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "छान आहे गं अक्षर." बस, एवढंच. त्याचं कॉलेज शेवटच्या वर्षाला सुटलं. सासरे अचानक गेले, घर चालवायला हा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला आणि तिथेच राहिला. आज त्या कामातला वाघ आहे. आपण पेपर चाळावा तसा सर्किटचा नकाशा वाचतो. पण कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' हा रकाना आला की पेन माझ्याकडे सरकवतो. "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे." लग्नाला सतरा वर्षं झाली. सुरुवातीची काही वर्षं मला खरंच वाटायचं की अक्षरामुळेच.

मुलगी आता विचारते, "आई, डिग्री तुझ्याकडे आणि पगार बाबाचा जास्त. मग मी कॉलेजात कशाला जाऊ?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून हा धागा. भांडण नको, अनुभव हवेत. नोकरीतलेही आणि घरातलेही.

झोपाळू_बदक
लॅमिनेट??? अगं का

पानगळ
तेव्हा सगळेच करायचे गं. पाणी लागू नये म्हणून.

चाळणीवाला
नोकरभरतीत काम करतो, त्यामुळे शिव्या खायला आधीच तयार आहे. एका जागेला तीनशे-चारशे अर्ज येतात. डिग्रीचा रकाना रिकामा असला की सॉफ्टवेअर तो अर्ज बाजूला काढतं, मला नावसुद्धा दिसत नाही. हे ज्ञान मोजणं नव्हे, गर्दी कमी करणं आहे. मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्येच हे मांडलं होतं. मालकाला आतला माणूस दिसत नाही, म्हणून तो बाहेरची खूण बघतो. कॉलेजात काहीच नवं शिकला नसलात तरी ती खूण चालते, कारण ती मिळवणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

आता माझी गोष्ट. आमच्याकडे मशीन दुरुस्तीला बाहेरून एक जण यायचा. रोज गप्पा व्हायच्या. त्याने आमच्याच जागेसाठी अर्ज केला आणि चाळणीत गळला. वर्षभराने हसत हसत सांगितलं त्याने. ज्याच्याशी रोज बोलत होतो त्याचा अर्ज माझ्यापर्यंत आलाच नव्हता. तेव्हापासून चाळणी थोडी ढिली केलीये. वरच्या साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

पानगळ, तुमच्या मिस्टरांचं झालं त्याला तर नावच आहे. मेंढीच्या कातड्याचा परिणाम! पूर्वी पदव्या मेंढीच्या कातड्यावर लिहीत. मधली वर्षं शिकून पगारात फार फरक पडत नाही, शेवटचं वर्ष संपून कातडं हातात आलं की एकदम उडी.

झोपाळू_बदक
मेंढीला कुणी लॅमिनेट करत नव्हतं ना

चाळणीवाला
😂 नाही

रात्रपाळी
बसमध्ये लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. परवाना नाही तर रुग्णाला हात लावायचा नाही, आणि अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना नाही. 'अनुभवाने शिकलो' म्हणणाऱ्याकडून भूल घ्याल का कुणी? मुलीला आधी विचार की तिला करायचंय काय. डॉक्टर, नर्स, आर्किटेक्ट यातलं काही असेल तर चर्चा संपली.

हे मात्र खरं, की जड रुग्णाला न दुखवता कूस कशी बदलायची हे मला वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं. पुस्तकात चित्र होतं, पण चित्रातला माणूस कण्हत नव्हता.

आडवी_रेघ
अब्राहम लिंकन कॉलेजात न जाता वकील झाला होता म्हणे

रात्रपाळी
१८३६ मध्ये हो. तेव्हा भूलसुद्धा नव्हती, तशीच कापाकापी करायचे. उतरले, नंतर बोलते.

अर्धविराम
कोडिंग स्वतःच शिकलो, कॉलेज पहिल्याच वर्षाला सोडलं. नऊ वर्षं कुणी डिग्री विचारली नाही. मग अमेरिकेला पाठवायची वेळ आली. तिथल्या एच-१बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं. तोडीचं म्हणजे काय, तर कॉलेजच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं. चार वर्षांच्या डिग्रीला बारा. माझी नऊ. मॅनेजर म्हणाला, तीन वर्षं थांब. ज्याला मी काम शिकवलं होतं तो गेला. जायच्या आदल्या दिवशी माझ्याच शेजारी बसून माझ्याकडून सगळं पुन्हा समजून घेतलं त्याने.

'ती' आधीच तिकडे होती. तीन वर्षं थांब, हे मला तिला सांगायचं होतं. सांगितलं. ती नाही थांबली. तिचा दोष नाही. फोनवर तिची सकाळ असायची तेव्हा मी झोपेत असायचो. नातं टिकवायला निदान एक तरी जेवणाची वेळ सारखी लागते.

उशिराची_गाडी
अर्धविराम, वाईट वाटलं रे बाळा.

आडवी_रेघ
बारा वर्षं झाली का आता?

अर्धविराम
चौदा. आता जायची इच्छा नाही.

टोपीवाला
बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स. विषय संपला.

चाळणीवाला
गेट्सने १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं. सोडायला आधी हार्वर्डला प्रवेश मिळावा लागतो हो. शिवाय सोडून गेलेले बाकीचे आपल्याला माहीत नाहीत, कारण ते बिल गेट्स झाले नाहीत.

टोपीवाला
मी पण सोडलं होतं 😐

चाळणीवाला
अरेरे. मग तुमचा अनुभव लिहा ना

टोपीवाला
संध्याकाळी लिहितो

तिरकी_मांडी
माझं अर्धवट, त्याची डॉक्टरेट. त्याच्या मित्रांत बसलं की पहिला प्रश्न, "तू कशात केलंस?" मी म्हणायचे, "घाईत." सगळे हसायचे, तो नाही. घरी आल्यावर माझे उच्चार दुरुस्त व्हायचे. हा शब्द असा नाही, तसा. सुरुवातीला मला ते प्रेमच वाटलं, कुणीतरी आपल्याकडे इतकं लक्ष देतंय. मग एक दिवस आईशी फोनवर बोलताना लक्षात आलं की मी अडखळतेय. स्वतःच्या आईशी बोलताना मी शब्द तपासून वापरत होते.

वेगळे झालो. लोकांना वाटतं डिग्रीमुळे. मला नाही वाटत. डिग्री नसती तरी त्याने दुरुस्त करायला काहीतरी शोधलं असतं. आताचा जोडीदार माझ्याहून जास्त शिकलेलाच आहे, आणि मी चुकीचा शब्द वापरला की तोही तोच वापरायला लागतो. आमच्या घराची वेगळीच भाषा झालीये. पानगळ, तुझा नवरा पेन सरकवतो तेव्हा तू काय लिहितेस?

पानगळ
'शालेय' लिहिते. तू विचारल्यावर मी विचार करत बसलेय की दुसरं काय लिहिता आलं असतं.

खिडकीजवळचा
नाव-गाव काही लिहीत नाही. आमच्या टीममध्ये एक जण होता, सहा वर्षं. आमच्यातला सगळ्यात हुशार. काही अडलं की त्याच्याकडे जायचं, असा अलिखित नियम. मग कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी सगळ्यांची कागदपत्रं पुन्हा तपासायला काढली. "घरी आहे, आणतो" म्हणत त्याने दोन आठवडे ढकलले. तिसऱ्या आठवड्यात टेबल रिकामं. शेवटचे दोन पेपर राहिले होते म्हणे. ते कधी दिलेच नाहीत, कागद मात्र बनवून घेतला होता.

मी घरी भेटायला गेलो. त्याच्या बायकोला त्याच आठवड्यात कळलं होतं. ती मला दारातच म्हणाली, "नोकरी गेली त्याचं काही नाही. दोन पेपर राहिलेत हे सांगितलं असतं तर मी हसले असते. आठ वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही?" मी तेव्हा त्याची बाजू घेतली. म्हटलं, काम तर तोच करत होता ना, कागद नाही. भांडलोच जवळजवळ. आता माझं स्वतःचं घर झालंय आणि मला तिचं जास्त पटतं. ते दोघं अजून एकत्र आहेत. कसे, हे विचारायची हिंमत होत नाही.

त्याच्या जागी आलेल्याकडे दोन डिग्र्या होत्या. काही अडलं की आम्ही गुपचूप त्यालाच फोन करायचो. तो उचलायचा.

झोपाळू_बदक
उचलायचा... 😢

आडवी_रेघ
खिडकीजवळचा, तू तोच का रे जो मागे मांजराच्या धाग्यावर होतास? मांजर सापडलं का?

खिडकीजवळचा
सापडलं. पिल्लं घेऊन आलं.

उशिराची_गाडी
वय वर्षं बावन्न, पदवी मिळाली चार वर्षांपूर्वी. घरून अभ्यास, परीक्षेला केंद्रावर. पहिल्या पेपरला पर्यवेक्षकांनी मलाच पर्यवेक्षक समजून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा हातात दिला. मीही दोन ओळींना वाटल्या आणि मग जागेवर जाऊन बसले.

नोकरीत काय मिळालं? काही नाही. मी नोकरी करतच नाही. घरात मात्र ढवळून निघालं. माझे मिस्टर चांगले आहेत, सगळे सांगतात, मीही सांगते. पण परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दर वेळी त्यांचं काहीतरी निघायचं. कधी पाहुणे, कधी पाठ. कधी नेमका तेव्हाच रंग काढायचा घराला. तीन वर्षं. योगायोग असेल. निकालाच्या दिवशी त्यांनी शेजारीपाजारी फोन करून सांगितलं, डोळ्यांत पाणी होतं. मी त्या पाण्यावरही विश्वास ठेवते आणि रंगाचे डबेही विसरलेले नाही.

माझा विषय इतिहास, म्हणून सांगते. केंब्रिजचं मुलींसाठीचं गर्टन कॉलेज १८६९ मध्ये सुरू झालं आणि मुलींना पूर्ण पदवी मिळाली १९४८ मध्ये. त्या बायका वर्षानुवर्षं शिकल्या, परीक्षा दिल्या, कागद मात्र नाही. कुणी म्हणेल ज्ञान मिळालं ना, कागदाचं काय एवढं? ज्यांना सहज मिळतो तेच असं म्हणतात.

तिरकी_मांडी
काकू 🙏 ती रंगाच्या डब्यांची ओळ

चाळणीवाला
७९ वर्षं! तुम्ही तीनच लावलीत, फारच वेगात

उशिराची_गाडी
रंग लावला नसता तर अजून लवकर झालं असतं.

सुटी_चप्पल
नोकरीचं माहीत नाही पण बायको कॉलेजात भेटली. तिच्या नोट्स घेऊन पास झालो. ती म्हणते माझी डिग्री अर्धी तिची आहे. कबूल.

आडवी_रेघ
म्हणजे तिची दीड झाली

सुटी_चप्पल
हो ना, घरात तसंच वागते 😄 मशीन वाजतंय, कपडे वाळत घालतो

पानगळ
सगळं वाचलं, काही दोनदा. आता एक कबुली. मी कपाट आवरत नव्हते. डिग्रीच शोधत होते. ऑफिसने दोन वर्षांसाठी बाहेरच्या शाखेत विचारलंय आणि पदवीवर अपोस्टिलचा शिक्का मागितलाय, कागद परदेशात खरा मानावा म्हणून मारतात तो. घरी अजून नीट बोलले नव्हते. आम्ही गेलो तर मला काम आणि त्याला तिथे पहिल्याच फॉर्मवर तो रकाना. म्हणून कपाट आवरल्याचं सोंग. काल रात्री सांगितलं. तो म्हणाला, "लिफ्ट तिथेही अडकतात." आणि झोपला. मी जागी.

रात्रपाळी
अगं!! जा. मुलीलाही उत्तर मिळालं की आयतं

पानगळ
मुलगी म्हणते, वीस वर्षांनी एकदा वापरायचा तर भाड्याने मिळत नाही का.

चाळणीवाला
अभिनंदन! पण अपोस्टिल मूळ कागदावर हवी असेल तर लॅमिनेशन आड येतं, बऱ्याच ठिकाणी शिक्का मारत नाहीत.

झोपाळू_बदक
मी पहिल्याच ओळीला म्हटलं होतं

पानगळ
तेच म्हणाले. काढायचं कसं?

झोपाळू_बदक
काढू नकोस. गरम लॅमिनेशनचा गोंद शाईला धरून बसतो, सोलायला गेलं की अक्षरं फिल्मबरोबर निघून येतात. माझी आलीत. विद्यापीठाकडून डुप्लिकेट मागव.

आडवी_रेघ
इस्त्रीने निघतं असं ऐकलंय

झोपाळू_बदक
रेघेचं काही ऐकू नका

पानगळ
नवऱ्याने इस्त्री तापवलीये. म्हणतो, मी अख्खे बोर्ड उघडतो, हे काय.

झोपाळू_बदक
थांबव त्याला!!!

चाळणीवाला
आधी एखाद्या जुन्या गुणपत्रिकेवर तरी करून बघा

पानगळ
केलं. पहिल्या वर्षाची गेली. त्यात एक विषय राहिला होता माझा, सतरा वर्षं त्याला माहीत नव्हतं. इस्त्री करताना वाचलं त्याने. इतका हसला की मुलगी उठून आली.

खिडकीजवळचा
😊

पानगळ
मूळ डिग्रीला हात लावलेला नाही. डुप्लिकेटचा अर्ज करतोय. फॉर्म तो भरतोय.

तिरकी_मांडी
आणि अक्षर?

पानगळ
भयाण.

टोपीवाला
संध्याकाळी लिहितो म्हटलं होतं, पाहुणे आलेत. उद्या.