गॉसिपिंग म्हणजे गप्पा नव्हेत!

शब्दवेडी: काल एकीने लिहिलंय, गॉसिपिंग म्हणजे आपल्या गप्पाच की, उगाच बदनाम केलाय शब्द. डोकंच सटकलं. अहो, गप्पा समोरच्याशी होतात, गॉसिप तिथे नसलेल्याबद्दल! आपल्याकडे चहाडी, चुगली, कुचाळक्या, उखाळ्यापाखाळ्या, कान भरणं, कंड्या पिकवणं, किती छटा आहेत. चहाडखोराला काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं, कुचाळक्या करणारा नुसताच रिकामटेकडा. आता सगळ्याला एकच, गॉसिपिंग. 'चुगली केली' म्हणायला जीभ अडखळते, 'जरा गॉसिपिंग केलं' म्हटलं की कसं गोग्गोड!

तिरकस: चुगली फारसीतून आलीये, ती चालते आणि इंग्रजी टोचतं होय? जुन्या इंग्रजीत 'गॉडसिब' म्हणजे मुलाचे धर्म-आईबाप, घरोब्यातलं माणूस. पुढे बाळंतपणाला जमणाऱ्या मैत्रिणींना गॉसिप म्हणायला लागले, मग त्यांच्या बडबडीलाच.

आगाऊ कार्टी: बघा! बायका बोलल्या की गॉसिप, पुरुष तासभर कुणाचं प्रमोशन कसं झालं ते चघळतात ती 'चर्चा'.

खडूस: आलंच का हे. बायकाच जास्त करतात, पंधरा वर्षं नोकरीत बघतोय.

आगाऊ कार्टी: २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या संशोधकांनी ४६७ जणांचं दिवसभरातलं बोलणं तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केलं. सरासरी रोज ५२ मिनिटं गॉसिप, त्यातलं तीन चतुर्थांश ना चांगलं ना वाईट. बायकांचं जे जास्त भरलं ते या निरुपद्रवी प्रकारातलं. वाईटसाईट बोलण्यात दोघं सारखेच.

खडूस: आकडे ठेवा तुमच्यापाशी. मी आठवडाभर आजारी होतो, परत गेलो तर साहेब विचारतात, "सेंडॉफ कधी ठेवायचा?" मला म्हणे दुसरीकडे नोकरी लागली होती! इन्क्रीमेंट गेलं त्या वर्षीचं. तुमचं ते निरुपद्रवी वगैरे ऐकवा त्याला.

आगाऊ कार्टी: वाईट झालं, खरंच. पण पसरवलं कुणी?

खडूस: ...दोघं होते. पुरुष. झालं समाधान?

आगाऊ कार्टी: 😂

शब्दवेडी: अरे, मी शब्दाबद्दल बोलत होते! तुम्ही कुठे नेऊन ठेवलंत. आणि खडूस, याला कंडी पिकवणं म्हणतात, गॉसिपिंग नाही, हेच तर सांगतेय मघापासून.

खडूस: पैसे गेल्यावर नाव काय ठेवायचं त्याचं मला घेणंदेणं नाही ताई.

तिरकस: शब्दवेडी, एक शंका. जिच्या लिहिण्यावर एवढं पेटलात ती इथे नाहीये ना? मग तुमच्याच व्याख्येने हे सकाळपासून काय चाललंय?

शब्दवेडी: कुचाळक्या. शब्द आहे आपल्याकडे.