क्लिप-इन एक्स्टेन्शन लावल्यावर खांद्याशी दिसणारी पायरी कशी घालवायची?

बटमोगरा
केस दाट, खांद्यापर्यंत, एका रेषेत कापलेले. जोडकेसांचा (एक्स्टेन्शनचा) संच खऱ्या केसांचा, २० इंची, १२० ग्रॅम, क्लिपने लावायच्या ७ पट्ट्या. रंग जुळतो, पण स्वतःचे केस संपतात तिथे ठसठशीत पायरी दिसते आणि खाली विरळ शेपूट लोंबते. थिनिंग कात्री (केस विरळ करणारी दातेरी कात्री) फिरवली तर मिसळून जाईल का? आणि कापायचं ते टेबलावर ठेवून की डोक्यावर लावून?

कातरकाम
थिनिंग कात्री तूर्त लांब ठेवा. पायरी दिसते ती दाटपणामुळे. रेषेच्या वर तुमचे केस अधिक एक्स्टेन्शन, खाली नुसतं एक्स्टेन्शन. तेच आणखी विरळ केलंत तर फरक वाढेल. दाट आणि सरळ रेषेतल्या केसांना १२० ग्रॅम अपुरे पडतात, १८० ते २२० लागतात. दुसरा संच घ्यायचा नसेल तर लांबी १६ इंचांवर आणा. शेंड्यांकडचा विरळ भाग निघून जातो, उरलेला भरीव दिसतो.

कापायचं डोक्यावर लावूनच. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची पट्टी यांत ८-१० सेंमी अंतर असतं. टेबलावर एकसारखी कापलेली टोकं डोक्यावर गेली की वरखाली होतात.

आधी संच धुऊन पूर्ण वाळवा. नव्या केसांवर गुळगुळीत थर असतो, तो गेल्यावरच केस खरे कसे पडतात ते कळतं. मग नेहमी जिथे भांग पाडता तिथेच पाडा आणि पट्ट्या लावा. खालची पट्टी मानेच्या केसरेषेपासून २-३ सेंमी वर, सगळ्यात वरची भुवईच्या उंचीपेक्षा वर नको, कानशिलाशी २-३ सेंमी केस मोकळे. मान सरळ, खांदे समान. पायावर पाय टाकून बसलात तरी एक बाजू आखूड होते.

पहिल्या फेरीत हव्या त्या लांबीपेक्षा ३ सेंमी जास्त ठेवा. कात्री आडवी धरायची नाही. उभी धरून, टोकाने, १-२ सेंमी आत शिरत छोटे छोटे काप घ्यायचे. आता मुख्य काम: वरच्या दोन पट्ट्यांतल्या काही बारीक बटा (सगळ्या नव्हे, साधारण तीनातली एक) तुमच्या रेषेच्या खाली ३, ६, ९ सेंमी अशा वेगवेगळ्या जागी संपतील अशा कापा. खालच्या पट्ट्यांची लांबी तशीच राहू द्या. त्यामुळे दाटपणा एकदम न पडता हळूहळू उतरतो. चेहऱ्याजवळची बट हनुवटीच्या खालून सुरू करा, तिरकी, आणि फक्त एक्स्टेन्शनचीच.

शेंडेवाले
वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं. तुमची स्वतःची रेषा कोरीव राहिली तर खाली कितीही बटा पाडा, ती दिसणारच. तुमच्या शेंड्यांतही उभ्या कात्रीने १ ते दीड सेंमी आत शिरत काप घ्यावे लागतील. मनाची तयारी नसेल तर लांबी न घटवता शेंडे आत-बाहेर वळवा, पण तो त्या दिवसापुरता उपाय.

थिनिंग कात्री वापरायचीच झाली तर सर्वात शेवटी, शिवणीपासून (केस पट्टीला शिवलेले असतात तिथपासून) दूर, खालच्या एक तृतीयांश भागातच. वर चालवली की आखूड तुकडे ताठ उभे राहून वरच्या केसांतून बाहेर डोकावतात, आणि ते वाढायची सोय नसते. वस्तरा खऱ्या केसांवरच, सिंथेटिकचे शेंडे त्याने पिंजतात. पट्टी अरुंद करायची असेल तर कापलेल्या शिवणीला लगेच कापडाचा गोंद लावा, नाहीतर तिथून केस गळत राहतात.

बटमोगरा
दोघांचेही आभार. मानेजवळचे माझे आखूड केस मात्र पट्टीखालून बाहेर येतात. त्यांचं काय?

कातरकाम
त्यांची बारीक वेणी घाला, आडवी सपाट पिनांनी बसवा आणि पहिली पट्टी तिच्यावरच क्लिप करा. क्लिपला पकडही चांगली मिळते. पट्टी घसरत असेल तर मुळाशी थोडं बॅककोंब करा, म्हणजे कंगवा उलटा, मुळाकडे फिरवा.

कुरळे करताना तुमचे केस आणि एक्स्टेन्शन एकाच बटेत धरा. वेगवेगळे केले तर दोन थर दिसतात. खऱ्या केसांना १८०° सेल्सिअसच्या वर तापमान नको.

आणि कापून झाल्यावर, पट्ट्या काढण्याआधीच, प्रत्येकीच्या शिवणीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून कुठली कुठे ते लिहून ठेवा. डावी-उजवीसुद्धा. पुढच्या वेळी अदलाबदल झाली तर आखूड बटा भलत्याच उंचीवर येतील.