शब्दचर्चा: ‘मूलकजोडीचं प्रकाशशोषण’ला दुसरं काय म्हणाल?

उजळाईकर: मंडळी, अडलोय. बी.एस्सी.च्या मुलांसाठी सेंद्रिय संयुगांच्या आम्लतेवर टिपण लिहितोय. ट्रायफिनाइलमिथेनसारखा हायड्रोकार्बन प्रोटॉन सोडायला इतका नाखूश की पाण्यात त्याची आम्लता मोजताच येत नाही. म्हणून दुसऱ्या द्रावकात असे दोन हायड्रोकार्बन एकत्र घेऊन प्रोटॉन ओढून घेणारा आम्लारी मुद्दाम कमी घालायचा. कुणाचा प्रोटॉन किती गेला, ते प्रोटॉन गेलेला हायड्रोकार्बन आणि आम्लारीतला धातू यांच्या जोड्या किती प्रकाश शोषतात त्यावरून काढायचं. मी लिहिलं ‘मूलकजोडीचं प्रकाशशोषण’. वर्गात वाचलं तर मागून आवाज आला, “सर, प्रकाशचं शोषण कोण करतंय?” वर्गात एक प्रकाश आहे.

गल्लीबोळ: ‘अवशोषण’ लिहा, मिटलं.

खासबागवाला: ते हिंदीतनं आलंय. आपल्यात पाणी मुरतंय, शाई टिपत्यात. ‘प्रकाश टिपणं’ लिवा की भावा.

गल्लीबोळ: प्रकाश कॅमेरा टिपतो! आणि शोषखड्डा म्हणताना कुणी हसत नाही.

जुनी वही: शोषण राहू द्या, आधी ‘मूलक’ खोडा. तीस वर्षं हेच शिकवत होतो (हो, बाईच आहे, कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात). मूलकात एक इलेक्ट्रॉन सुटा असतो. तुमची जोडी आयनांची आहे: कार्बनवर ऋण भार, शेजारी लिथियम नाहीतर सीझियम. नुसत्या डोळ्यांनी फरक कळतो. गोमबर्ग या रसायनज्ञानं १९०० साली ट्रायफिनाइलमिथिल मूलक शोधला, त्याचं द्रावण पिवळं. ऋण आयनाचं गडद लाल. पोरं पिवळा शोधत बसतील. शिवाय जोड्याही दोन तऱ्हेच्या: फ्लुओरेनिल लिथियमची बिलगलेली जोडी ३४९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, मध्ये द्रावक शिरला की ३७३चा. हे न बघता आम्लता काढली तर आकडा चुकलाच.

उजळाईकर: बाई, चूक मान्य. ‘आयनजोडी’ करतो. पण शोषणाचं काय?

रंकाळाकाठ: संस्कृतात मूलक म्हणजे मुळा! आणि इंग्रजी रॅडिकल (आपला मूलक), रॅडिश (मुळा) दोन्ही लॅटिन ‘मूळ’वरूनच. म्हणजे ज्यानं कुणी हा शब्द घडवला त्यानं भाजीसकट भाषांतर केलं.

गल्लीबोळ: तसं तर आंबटसुद्धा आंब्यावरून.

रंकाळाकाठ: नाही हो. आंबा आम्र पासून, आंबट अम्ल पासून. प्राकृतात दोन्हींचं अंब झालं, म्हणून घोटाळा.

गल्लीबोळ: कैरी खाऊन बघा, मग व्युत्पत्ती सांगा.

खासबागवाला: त्ये ऱ्हाऊ द्या. ‘जोडी’ बैलांची. चपलांचा जोड असतोय. बिलगून बसल्यालं दोन म्हंजे आयनजोड.

जुनी वही: चपला एकसारख्या असतात. इथं एक धन, एक ऋण.

खासबागवाला: एकसारख्या कशा? डावी-उजवी नसत्या व्हय? उजवीत डावा पाय घालून बघा.

उजळाईकर: टिपण उद्या झेरॉक्सला द्यायचंय. तूर्त ‘शोषण’च ठेवलंय, प्रकाशच्या जागी ‘किरण’ केलंय.

गल्लीबोळ: वर्गात किरण नावाचं कुणी नाही ना?

रंकाळाकाठ: कानडीत चपलांच्या जोडाला काय म्हणतात? निपाणीकडचं कुणी आहे का इथं?